सफरचंदाचं कलम घेताना खुंट विचारा

नाशिकमध्ये म्हसरूळला आमच्या रो-हाउसच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून, जेमतेम दोन झाडं मावतील एवढी जागा आहे. तिथे सफरचंदाची दोन सेमी-ड्वार्फ, म्हणजे मध्यम बुटकी, कलमं लावली. आता त्यांना चांगली फळं येतात, आणि बघणारा प्रत्येक जण विचारतो, "जात कोणती?" त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे आणि नर्सरीत तो फारसा कुणी विचारत नाही: कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, बांधलंय? नाशिकमध्ये सफरचंद म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं काय घरी आणावं आणि काय तिथेच सोडून यावं, हे या एका उत्तरावर ठरतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी घेतलेली कलमं 'अ‍ॅना' आणि 'डॉर्सेट गोल्डन' या कमी थंडीवर येणाऱ्या जातींची, दोन्ही 'एमएम-१११' खुंटावर. किंमत प्रत्येकी साडेचारशे रुपये. तिसऱ्या हंगामापासून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना पुरतील इतकी फळं मिळायला लागली. झाडं शिडी न लावता हाताला येतात. पैसे पुरेपूर वसूल झाले असं मी निःशंकपणे म्हणेन.

कलमं मिळवणं मात्र सोपं नव्हतं. शहरातल्या आणि शहराबाहेरच्या बऱ्याच नर्सऱ्या पालथ्या घातल्या. काळ्या पिशवीत हातभर उंचीचं रोप, वर लालभडक 'डेलिशस' जातीच्या सफरचंदाचा छापील फोटो, आणि "ताई, बिनधास्त न्या, दोन वर्षांत फळ." खुंटाचं विचारलं की उत्तर यायचं, "सफरचंदाचाच आहे की." एका ठिकाणी तर रोपाच्या खोडावर कलमाचा सांधाच नव्हता. बी टोकून केलेलं रोप होतं ते, आणि किंमत कलमाचीच सांगत होते. याचा मला मनापासून राग येतो, कारण माणूस हौसेने रोप नेतो आणि पाच-सहा वर्षं पाणी घालत बसतो. बियांपासून केलेल्या सफरचंदात मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, फळाला सहा-आठ किंवा त्याहून जास्त वर्षं लागू शकतात, आणि झाड वीस-पंचवीस फुटांवर जाऊ बघतं. रो-हाउसच्या मागच्या अंगणात त्याचं करायचं काय?

शेवटी ज्या नर्सरीतून घेतली, तिथल्या काकांनी न विचारता आधी सांधा दाखवला. जमिनीपासून वीतभर वर खोड किंचित वाकलेलं, साल दोन्हीकडून नीट भरून आलेली, बोटाने दाबलं तर जराही हलत नाही. कलमाला बांधलेल्या पट्टीवर जात आणि खुंट दोन्ही लिहिलेलं होतं. कलमं हिमाचलमधून जानेवारीत येतात, मुळं उघडी, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. अशी उघड्या मुळांची कलमं पिशवीतल्या रोपांपेक्षा मला जास्त पटतात, कारण मुळं डोळ्यांनी बघता येतात. पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळं पुष्कळदा आतल्या आत गोल फिरून गुंतलेली असतात आणि ते वरून दिसत नाही.

खुंटाचं महत्त्व नाशिककरांना खरं तर नव्याने सांगायला नको. माझा दादा मोहाडीला द्राक्ष करतो. त्याची सगळी बाग डॉगरिज या खुंटावर आहे. पाण्याचा ताण आणि क्षार सोसणारा खुंट खाली, आणि बाजारात चालणारी द्राक्षाची जात वर, हे आपल्याकडच्या प्रत्येक बागायतदाराला पाठ आहे. सफरचंदातही तेच आहे, फक्त तिथे खुंट आणखी एक काम करतो: झाड किती उंच होणार ते ठरवतो. इंग्लंडमधलं ईस्ट मॉलिंगचं संशोधन केंद्र आणि मर्टनची जॉन इनेस संस्था यांनी मिळून जी खुंटांची मालिका तयार केली, तिला दोन्ही गावांवरून एमएम म्हणजे मॉलिंग-मर्टन असं नाव पडलं. त्यासाठी 'नॉर्दर्न स्पाय' ही जुनी अमेरिकन जात वापरली, कारण तिच्या मुळांवर लोकरी मावा ही कीड बसत नाही. त्या मालिकेतले १०६ आणि १११ हे दोन खुंट आज हिमाचलमध्ये सर्रास वापरले जातात, आणि आपल्यापर्यंत येणारी चांगली कलमं बहुतेक याच दोघांवरची असतात.

१०६ वरचं झाड बियांच्या खुंटावरच्या झाडाच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत वाढतं आणि फळाला लवकर येतं. कागदावर घरासाठी तेच बरं दिसतं. तरीही काकांनी मला १११ दिलं आणि कारण अगदी नाशिकचं सांगितलं: "तुमच्याकडं काळी आहे ना? मग १०६ नको." १०६ ला बुंधा कुजण्याचा रोग लवकर लागतो, आणि मुळाशी पाणी तुंबणं हे त्या रोगाचं मुख्य निमित्त. म्हसरूळ-मखमलाबाद पट्ट्यातली काळी जमीन जुलै-ऑगस्टमध्ये पाणी धरून बसते ती आठवडा-आठवडा सोडत नाही. १११ वरचं झाड थोडं मोठं होतं आणि फळाला थोडं उशिरा येतं, पण भारी माती आणि उन्हाळ्यातली पाण्याची ओढ दोन्ही त्यामानाने सोसतं. मुरमाड जमीन असेल, इमारतीच्या भरावावर अंगण असेल, किंवा मोठ्या ड्रममध्ये लावायचं असेल तर १०६ घ्यायला माझी हरकत नाही. एम-९ नावाचा अगदी बुटका खुंटही आहे, पण त्याची मुळं इतकी नाजूक की झाडाला जन्मभर आधाराची काठी लागते. घरच्या बागेसाठी मी तो सुचवणार नाही.

लावताना खड्ड्यापेक्षा उंचवट्यावर भर दिला. दोन फूट खोल-रुंद खड्डा, त्यात निघालेली काळी माती, मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत, आणि वर दीड फुटाचा उंचवटा करून त्यावर कलम. डाळिंबाला करतात तशी ही गादी असल्याने पावसाचं पाणी बुंध्यापाशी थांबत नाही. सांधा मातीपासून वीतभर वर राहिलाच पाहिजे. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण सांधा मातीत गाडला गेला की वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि मग खालच्या खुंटाचा ताबा सुटतो. झाड सुसाट उंच जातं आणि सेमी-ड्वार्फसाठी मोजलेले पैसे मातीत जातात. पुढे दरवर्षी खत-माती चढवतानाही बुंध्याशी ढीग होत नाही ना, हे बघावं लागतं.

उन्हाळ्याची भीती लोकांना वाटते तेवढी मला वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पानांच्या कडा करपतात, पण झाड मरत नाही. खरा धोका खोडाला असतो. पश्चिमेचं ऊन थेट सालीवर पडलं की साल तडकते आणि त्या भेगेतून कीड-बुरशी आत शिरते. त्यासाठी द्राक्ष-डाळिंबवाले लावतात तीच बोर्डो पेस्ट: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. लोखंडी विळा बुडवून बघायचा; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. ती पेस्ट पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत लावते. बुंध्याभोवती उसाचं पाचट जाड पसरते, पण खोडापासून चार बोटं दूर. पाणी ठिबकने. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत आणि माती चुनखडीची, त्यामुळे नवी पालवी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं झालं की समजायचं, लोह मिळत नाहीये. चिलेटेड लोहाची फवारणी केली की पानं सावरतात.

आता थंडीचं. सफरचंदाला फांदीवरचे डोळे (कोंब) फुटायला थंडीचे ठरावीक तास लागतात. साधारण सात अंशांच्या खालचे तास मोजायचे, असा हिशोब आहे. डेलिशसला असे हजाराच्या आसपास तास लागतात, म्हणून ते नाशिकला लावणं व्यर्थ. अ‍ॅनाला दोनशे ते तीनशे पुरतात. ही जात इस्राइलच्या ऐन शेमेर किबुत्झमध्ये अब्बा स्टाइन यांनी मुद्दाम उष्ण प्रदेशासाठी तयार केली. डॉर्सेट गोल्डन तर बहामा बेटांवर नासाउला सापडलेली, तिची थंडीची गरज अ‍ॅनापेक्षाही कमी. पण नाशिक शहरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास घोटाळतो, थंडीची लाट आली तरच खाली जातो. पेपरात येणारे चार-पाच अंश निफाडचे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले. म्हसरूळला तेवढी थंडी पडत नाही. म्हणजे दोनशे तासही आपल्याला दरवर्षी पुरतील याची खात्री नाही.

इथे द्राक्षाचा अनुभव कामाला येतो. द्राक्षही मुळात थंड हवेचं पीक. हिवाळ्यात पानं गाळून झोपणारं आणि वसंतात उठणारं. नाशिकमध्ये ते कधीच पुरतं झोपत नाही. आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करून त्याला उठवतो. इंडोनेशियात पूर्व जावाच्या बाटू आणि मलांग भागात सफरचंदाची हीच तऱ्हा आहे. तिथे थंडी नाहीच, म्हणून फळं उतरली की शेतकरी झाडावरची सगळी पानं हाताने काढून टाकतात, झाडाला झोपूच देत नाहीत, आणि वर्षातून दोन बहार घेतात. पानं झाडावर आहेत तोवर ती बेचक्यातल्या डोळ्यांना दाबून ठेवतात. डोळे गाढ झोपेत जायच्या आत पानं काढली, तर ते थंडीची वाट न बघता फुटतात.

मी एकच बहार घेते, जानेवारी-फेब्रुवारीचा. डिसेंबर उजाडला की पाणी हळूहळू तोडून झाडाला ताण देते. नाताळच्या सुमाराला उरलेली सगळी पानं काढते. देठ फांदीवर ठेवून पान तेवढं कात्रीने कापायचं. देठ वाळून आपसूक गळतो. ओरबाडलं की बेचक्यातला डोळा दुखावतो. त्यासोबत हलकी छाटणी आणि लगेच भरपूर पाणी. दादा म्हणाला होता, "डोळ्यांना डॉर्मेक्सचं बोट लाव, एकसारखे फुटतील." बागेत ते चालतं, मजुरांच्या हातात हातमोजे असतात आणि कामाची शिस्त असते. पण त्यातलं हायड्रोजन सायनामाइड विषारी रसायन आहे, मुलं खेळतात त्या अंगणात मी ते आणणार नाही. नुसत्या पानगळीनेही आमच्या झाडांचे बहुतेक डोळे फुटतात. ज्या फांद्यांवर पानं काढायची राहून जातात तिथे फूट रेंगाळते आणि फुलं तुरळक लागतात. एकाच झाडावर हा फरक दिसतो, त्यामुळे माझा या पद्धतीवर पक्का विश्वास बसलाय. माझ्या मते कलम विकताना ही पानगळीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. कुठल्याही नर्सरीत, अगदी मी जिथून घेतली तिथेही, कुणी स्वतःहून सांगितली नाही. काकांनी हातात दिलेल्या छापील चिठ्ठीत डीएपी खत किती टाकायचं ते होतं, पानं कधी काढायची ते नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी फुलं येतात. कळी गुलाबी, उमलली की पांढरी, पाच-सहांचा झुबका. बहुतेक सफरचंदांना स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही. अ‍ॅना एकटी थोडीफार फळं धरते, पण डॉर्सेट शेजारी असली तर फळधारणा स्पष्टपणे वाढते, आणि दोघींचा फुलोरा एकाच वेळी येतो. म्हणून जागा एकाच झाडाची असेल तर एका खुंटावर दोन्ही जाती बांधलेलं कलम मागावं. नसेल मिळत तर शेजाऱ्यांना दुसरी जात लावायला तयार करावं. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या सकाळी नऊनंतर येतात. त्या दिवसांत घरात कसलीही फवारणी नाही, अगदी नीमतेलाचीसुद्धा. गच्चीवर किंवा चहूबाजूंनी बंद आवारात झाडं असतील तर मऊ कुंचल्याने पराग इकडून तिकडे लावता येतो.

पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाकली. नंतरही फळ लिंबाएवढं झालं की विरळणी: एका झुबक्यात एकच फळ, आणि दोन फळांत साधारण वीतभर अंतर. घरातल्यांचा जीव तुटतो, पण सगळी ठेवली तर सगळीच बारीक राहतात आणि पुढच्या वर्षीच्या फुलांवरही परिणाम होतो.

मेच्या शेवटापासून फळं तयार होतात, काश्मीर-हिमाचलचा माल बाजारात यायच्या कितीतरी आधी. चव कशी? अ‍ॅनाचं फळ लांबट, पिवळ्या-हिरव्या सालीवर लाली, गर कुरकुरीत, गोडीला आंबट झाक. झाडावरून काढून लगेच चिरलं तर बाजारातल्या कुठल्याही सफरचंदापेक्षा रसदार लागतं. डॉर्सेट जास्त गोड आणि सोनेरी. टिकण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही कमी पडतात. मेच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवली तर आठवड्यात पिठूळ होतात, म्हणून थेट फ्रिजमध्ये, आणि नरम झालेल्यांचा मुरंबा. रंगही बाजारासारखा गडद येत नाही, कारण त्याला थंड रात्री लागतात. ज्यांना लाल रंगासाठीच झाड लावायचंय त्यांची निराशा होईल.

किडींचं फार बोलण्यासारखं नाही. लोकरी मावा मुळांवर नाही आणि अजून फांद्यांवरही दिसला नाही. पिठ्या ढेकूण मात्र द्राक्षांच्या भागात राहणाऱ्यांना चुकत नाही. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की तिथेच बंदोबस्त करायचा. पावसाळ्यात पानांवर ठिपके आले तर फळं तोवर उतरलेली असतात, मग एक टक्का बोर्डो निर्धास्त मारता येतं. खरे वाटेकरी पोपट, खारी आणि रात्रीची वटवाघळं. त्यांच्यासाठी दादाकडून द्राक्षघडांना गुंडाळायचे कागद आणते आणि एकेक फळ झाकते. त्याने फळमाशीही आवरते.

झाडाची उंची मी सात-आठ फुटांवर धरली आहे. १११ ला मोकळं सोडलं तर दुप्पट जाईल, त्यामुळे सेमी-ड्वार्फ म्हणजे आपोआप लहान राहणारं झाड असं कुणी समजू नये. पहिल्या वर्षी कमरेएवढ्या उंचीवर शेंडा मारला, चार दिशांना चार फांद्या ठेवल्या आणि त्यांना सुतळीने खाली ओढून आडव्या केल्या. उभी फांदी नुसती वाढत राहते. आडवी केली की तिच्यावर आखूड फळकाड्या तयार होतात आणि त्याच वर्षानुवर्षं फळ देतात. छाटताना या बोटभर काड्या वाळक्या समजून कापल्या जातात. माळ्याला आधीच दाखवून ठेवाव्यात.

'एचआरएमएन-९९' बद्दल बरेच जण विचारतात. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी ही जात निवडली, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सखल, गरम भागात सफरचंद येऊ शकतं हा विश्वास देशभर त्यांच्यामुळे पसरला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पण या नावाने नर्सरीत मिळणारी सगळीच रोपं खरी असतात असं नाही, आणि खरी असली तरी प्रश्न तोच: खुंट कोणता? त्याचं उत्तर न देणाऱ्याकडून मी ती जातही घेणार नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, दिवसाचं सहा तास ऊन नसणाऱ्यांनी आणि डिसेंबरात एक दिवस पानं काढायला बसणं ज्यांना जमणार नाही त्यांनी हे कलम घेऊ नये. तेवढ्याच जागेत अंजीर किंवा सीताफळ जास्त समाधान देईल. बाकीच्यांनी जरूर घ्यावं. नर्सरीला मी पाचपैकी चार देईन: माल अस्सल, सांधा पक्का, पट्टीवर खुंटाचं नाव. एक गुण कापला तो त्या चिठ्ठीसाठी. कलमं मोजकीच येतात आणि जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत संपतात, तेव्हा दिवाळी झाली की नोंदणी करून ठेवावी, आणि पावतीवर जातीसोबत खुंटाचं नाव लिहून घ्यावं.